काडतूस बसतंय, म्हणून चालतंय?

“चेंबरमध्ये बसतंय ना? मग चालतंय!” जुन्या एकबारी रायफलींचा विषय निघाला की हे वाक्य कुणीतरी हमखास टाकतं. पाठोपाठ दुसरं येतं: “जुनं पोलाद आहे ते, आत्तासारखं कागदी काम नव्हे.” दोन्ही इतक्या ठामपणे म्हटली जातात, की ऐकणाऱ्याला शंका काढायची लाज वाटावी. पण शंका काढायलाच हवी. इथे चूक झाली तर ती नेम धरणाऱ्याच्या गालापासून चार बोटांवर फुटते.

विषय मुख्यतः अमेरिका, इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियातला. एका वेळी एकच काडतूस घेणाऱ्या एकोणिसाव्या शतकातल्या रायफली तिथे हौसेने जपल्या जातात आणि वापरल्याही जातात: मार्टिनी-हेन्री, विंचेस्टर १८८५, रेमिंग्टन रोलिंग ब्लॉक, स्टीव्हन्स. यांची बरीचशी मूळ काडतुसं बाजारातून कधीच गेली. मग मालक नळीचं चेंबर रीमरने कोरून एखाद्या चालू काडतुसाच्या मापाचं करून घेतो. यालाच रीचेंबरिंग म्हणतात. कोणतं काडतूस निवडायचं, हा खरा प्रश्न. आणि ‘बसतंय’ हे त्याचं उत्तर होऊ शकत नाही.

का, ते .२२ हॉर्नेटवरून कळतं. विंचेस्टरने १८८५ मध्ये .२२ डब्ल्यूसीएफ नावाचं चिमुकलं काडतूस आणलं. त्यात १३ ग्रेन काळी दारू आणि ४५ ग्रेनची शिशाची गोळी. १९३० च्या सुमारास त्याच पुंगळीवरून हॉर्नेट तयार झालं. बाहेरची मापं जवळपास तीच राहिली, आत मात्र बिनधुराची दारू आली. म्हणजे जुन्या चेंबरमध्ये हॉर्नेट गुपचूप आत सरकू शकतं. काडतुसांची मानकं ठरवणाऱ्या ‘सॅमी’ या अमेरिकी संस्थेने हॉर्नेटची कमाल दाबमर्यादा चौरस इंचाला ४९,००० पौंड ठेवली आहे. काळ्या दारूच्या भरवशावर घडवलेल्या मऊ पोलादाच्या नळीने एवढ्या दाबाचं तोंडही पाहिलेलं नसतं. काडतूस बसण्याचा संबंध मापाशी असतो. दाब त्या मापावर लिहिलेला नसतो.

काडतुसाचं नाव जुळलं तरी निश्चिंत होता येत नाही. .४५-७० हे अमेरिकी सैन्याचं १८७३ चं काडतूस, ७० ग्रेन काळ्या दारूचं. ते आजही बनतं, आजही लोकप्रिय आहे. त्याची सॅमी मर्यादा फक्त २८,००० पौंड आहे, कारण वरच्या बाजूला झडपेसारखा ठोकळा उघडणाऱ्या मूळ ‘ट्रॅपडोर’ स्प्रिंगफील्ड रायफली अजून लोकांच्या हातात आहेत. काडतुसं घरी भरणाऱ्यांसाठीच्या अमेरिकी पुस्तकांत .४५-७० चे तीन वेगवेगळे तक्ते असतात: एक ट्रॅपडोरसाठी, दुसरा आधुनिक लिव्हर रायफलींसाठी, तिसरा १९६० च्या दशकात आलेल्या रूगर नंबर वनसारख्या दणकट रायफलींसाठी. पुंगळी तीच, नाव तेच. तिसऱ्या तक्त्यातलं काडतूस पहिल्या रायफलीत बिनतक्रार बसतं. काही कंपन्या जोरकस काडतुसांच्या खोक्यावरच ‘ट्रॅपडोरमध्ये वापरू नका’ असं छापतात. खोकं वाचायची तसदी कोण घेतो, हा भाग वेगळा.

‘दाब कमी म्हणजे सुरक्षित’ हा त्याच गैरसमजाचा उलटा चेहरा. बार होतो तेव्हा पुंगळीचा बुडखा मागच्या ठोकळ्यावर आदळतो. हा मागचा रेटा म्हणजे ढोबळमानाने दाब गुणिले बुडख्याचं क्षेत्रफळ. .४५-७० चा बुडखा साधारण अर्ध्या इंचाचा, त्यामुळे २८,००० दाबालाही रेटा ५,६०० पौंडांच्या घरात जातो. हॉर्नेटचा बुडखा ०.३ इंचाला जरा कमी, म्हणून ४९,००० दाब असूनही रेटा ३,४०० पौंडांच्या आसपास. .३०-०६ चा दाब ६०,००० आणि बुडखा ०.४७ इंचाचा, तिथे आकडा १०,००० च्या पुढे जातो. पुंगळी चेंबरच्या भिंतीला घट्ट धरते, म्हणून प्रत्यक्षातला रेटा यापेक्षा काहीसा कमी भरतो, पण तुलना बदलत नाही. विंचेस्टर १८८५ चे ‘हाय वॉल’ आणि ‘लो वॉल’ असे दोन प्रकार का होते, हेही यातून उलगडतं. जॉन ब्राउनिंगच्या त्या आराखड्यात ठोकळ्याच्या दोन्ही बाजूंच्या भिंती मोठ्या काडतुसांसाठी उंच होत्या, छोट्यांसाठी खाली उतरवलेल्या. लो वॉलमध्ये .३०-०६ घालायचा विचार करणाऱ्याने आधी त्या उतरत्या भिंतीकडे नीट पाहावं.

मग नवी, चांगल्या पोलादाची नळी बसवून लो वॉलला हॉर्नेट चालेल? रेट्याच्या हिशोबात बसतं. पण ४९,००० चा दाब बुडख्यातल्या, ठिणगी देणाऱ्या टोपीवरही येतोच, आणि जुन्या ठोकळ्यातलं फायरिंग पिनचं भोक बऱ्याचदा ऐसपैस असतं. टोपीचा मऊ धातू त्या भोकात मागे ओसंडतो, कधी फाटतो, आणि तापलेला वायू थेट डोळ्याकडे येतो. म्हणून जाणकार कारागीर ते भोक बुजवून बारीक पिन बसवल्याशिवाय असं काम हातात घेत नाही.

आता ते ‘जुनं पोलाद’. पोलाद जुनं असणं हा गुण कधीपासून झाला? सरकारी कारखान्याचंच उदाहरण घ्या. अमेरिकेच्या स्प्रिंगफील्ड शस्त्रागारात बनलेल्या १९०३ च्या ज्या रायफलींचे क्रमांक ८,००,००० च्या खाली आहेत, त्यांच्या काही पोलादी सांगाड्यांना तापवताना जास्त आच लागली आणि ते ठिसूळ झाले. भट्टीवरचा कामगार तापलेल्या पोलादाचा रंग नजरेने जोखत असे, आणि ढगाळ दिवशी तो रंग वेगळाच भासे. ज्युलियन हॅचर यांनी ‘हॅचर्स नोटबुक’ (१९४७) मध्ये हे सगळं तपशिलाने मांडलं आहे. ती एकबारी नव्हे, पण पोलाद तेव्हाचंच, आणि तिच्याहून वीस-तीस वर्षं जुन्या रायफलीबद्दल छातीठोकपणे बोलण्याआधी ही पानं चाळायला हरकत नाही.

मापाकडेही लोक नको तिथे पाहतात. रीमर धातू काढतो, परत घालत नाही. चेंबर मोठं होऊ शकतं, लहान नाही. आणि नळीचं आतलं माप तर जसंच्या तसं राहतं. ऑस्ट्रेलियन सरकारांनी शाळकरी कॅडेटांसाठी बीएसए आणि ग्रीनर यांच्याकडून .३१० च्या छोट्या मार्टिनी रायफली बनवून घेतल्या होत्या. त्यांच्या काडतुसाचा बुडखा .३२-२० सारखाच, म्हणून चेंबर थोडं खोल केलं की .३२-२० बसतं. पण .३२-२० ची गोळी .३१२ इंचाची, आणि कॅडेटच्या नळीत पिळाच्या खोबणीचं माप .३२० च्या जवळ. गोळी नळीत सैल राहते, पीळ पकडत नाही, निशाण्याच्या कागदाला आडवी लागते. मालक दोष देतो नेमाला.

हे आधी कळायला दोन साधे उपाय आहेत. मऊ शिशाचा गोळा तेल लावून नळीत ठोकायचा, लाकडी दांड्याने हळूहळू पार करायचा आणि बाहेर आल्यावर त्यावर उठलेल्या कंगोऱ्यांचं माप मायक्रोमीटरने घ्यायचं. चेंबरसाठी सेरोसेफ नावाचा धातू मिळतो. तो उकळत्या पाण्याच्याही खालच्या तापमानाला वितळतो. नळी पुढून चिंधीने बंद करून तो चेंबरमध्ये ओततात. थिजताना तो आधी आकसतो, म्हणून ओतीव अलगद बाहेर येतं; मग ते पुन्हा फुगू लागतं आणि तासाभराने चेंबरच्या अचूक मापावर येतं. नळीवर काय कोरलंय यापेक्षा हे दोन तुकडे जास्त खरं बोलतात.

काठ नसलेली आधुनिक काडतुसं एकबारीत सोयीची नाहीत. बार झाल्यावर पुंगळी मागे ओढायला धरायला काठ लागतो, आणि या जुन्या यंत्रणांत बोल्ट रायफलीइतका ओढण्याचा जोर नसतो. पुंगळी अडकली की काय होतं, ते सुदानमध्ये १७ जानेवारी १८८५ रोजी अबू क्लीच्या लढाईत मार्टिनी-हेन्रीवाल्या ब्रिटिश शिपायांनी अनुभवलं. पातळ पितळी पत्रा गुंडाळून केलेल्या त्यांच्या पुंगळ्या तापलेल्या चेंबरमध्ये चिकटून बसल्या.

बाकीच्या समजुती एकेका ओळीच्या. ‘सैन्यानेच मार्टिनी .३०३ केली होती’: केली, पण नवी नळी घालून आणि पुन्हा चाचणी करून. ‘दहा बार काढले, काही झालं नाही’: पोलादाची चीर दहाव्या बाराला दिसेलच असं नाही. ‘दारू थोडी कमी भरली की झालं’: मोठ्या पुंगळीत बिनधुराची दारू इतकी कमी जागा घेते, की चुकून दुप्पट पडली तरी ध्यानात येत नाही. ‘त्यावर राणीचा मुकुट आणि व्ही.आर. आहे, अस्सलच’: खैबर खिंडीच्या भागातल्या कारागिरांनी व्हिक्टोरियाच्या १९०१ मधल्या मृत्यूनंतरच्या तारखाही त्याच अक्षरांखाली ठोकल्या आहेत. अशा रायफलीला कोणतंच काडतूस योग्य नाही.

काडतुसाची निवड कधी सरकारही करतं. मार्टिनी-हेन्रीला चालेल असा माल बंडखोरांच्या हाती पडू नये, म्हणून १९०७ च्या सुमारास ब्रिटिशांनी भारतात आणि सुदानमध्ये .४५० ची आयात बंद केली. वाघाच्या शिकारीला निघालेले साहेब आणि संस्थानिक अडले, तेव्हा लंडनच्या बंदूकवाल्यांनी .४६५, .४७० अशी नवी मापं काढली. आज भारतात शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम ५ प्रमाणे बंदुकीत असा बदल करण्याच्या धंद्याला स्वतंत्र परवाना लागतो, आणि .३०३ हे लष्करी माप सामान्य परवान्यावर मिळत नाही. आजोबांची मार्टिनी माळ्यावर सापडलीच, तर ती गल्लीतल्या लेथवाल्याकडे नेण्याआधी पोलीस ठाण्यात नोंदवावी लागेल.