चाकूचं माहेर

बाबांचा लाल चाकू मी टेबलावर उघडून ठेवला आहे. मोठ्या पात्याचं टोक मोडलंय, मुठीला तडा गेलाय आणि कात्री एकदा मिटली की आपसूक उघडत नाही. चंडीमंदिरच्या क्वार्टरमध्ये बाबांनी या पात्याने रंगाचा डबा उचकटला होता, टोक तेव्हाच गेलं. दात कोरायची काडी कधीच हरवली. चिमटा तेवढा जागेवर आहे. चंडीगडच्या सेक्टर २२ च्या बाजारात ज्याला दाखवला त्याने एकच सल्ला दिला, नवा घ्या. मला हाच हवा आहे. म्हणून त्याला माहेरी पाठवायचं ठरवलं.

हे माहेर म्हणजे स्वित्झर्लंडमधलं इबाख. चाकू करणाऱ्या कार्ल एल्सनरने १८८४ मध्ये तिथे कारखाना काढला. स्विस सैनिकांच्या चाकूंची पहिली खेप जर्मनीतल्या झोलिंगनमध्ये बनली होती. आपल्या सैनिकाचा चाकू आपल्याच देशात व्हावा, या जिद्दीने एल्सनरने १८९१ मध्ये पुरवठा सुरू केला. पातं, डबा फोडायचं हत्यार, टोच्या आणि रायफल खोलायला पेचकस, एवढीच त्यात अवजारं होती. झोलिंगनचे कारखाने तोच माल स्वस्तात देत, त्यामुळे एल्सनर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आला. पण मागे हटला नाही.

१२ जून १८९७ ला त्याने अधिकाऱ्यांसाठीच्या हलक्या चाकूची नोंदणी केली. त्यातली खरी करामत स्प्रिंगमध्ये आहे. पोलादी पट्टीच्या पुढच्या अंगाला अवजारं होतीच, त्याने पाठीलाही बसवली, आणि दोनच पट्ट्यांवर सहा अवजारं पेलली. नखाने पातं उचलून पाहा. शेवटी ते ‘टक्’ करून ताठ उभं राहतं, तो आवाज या पट्टीचा. १९०९ मध्ये आई व्हिक्टोरिया वारली, तेव्हा तिचं नाव त्याने मालाला दिलं. १९२१ मध्ये न गंजणाऱ्या पोलादाचं ‘इनॉक्स’ त्याला जोडलं गेलं आणि व्हिक्टोरिनॉक्स झालं.

या चाकूवर पोलादाच्या आणि बनावटीच्या दोषासाठी आजीवन वॉरंटी असते, विजेवर चालणाऱ्या भागांना मात्र दोन वर्षं. झीज आणि गैरवापर त्यात येत नाही. मला हे रास्त वाटतं. रंगाच्या डब्याचा भुर्दंड कारखान्याने का सोसावा? ते काम पैसे देऊन करून घ्यायचं.

पण इतक्या वर्षांनी ते होऊ शकतं ते कागदावरच्या वॉरंटीमुळे नव्हे, चाकू जसा जोडलाय त्यामुळे. काडी आणि चिमटा ओढून काढता येतात, नवे घालता येतात. कात्रीची इवलीशी पट्टी सुटी मिळते, घरीही बसते. लाल मुठीला बाहेरून एकही स्क्रू नाही, ती पितळी खिळ्यांच्या डोक्यांवर दाबून बसवलेली असते. पात्यांचे थर मात्र याच खिळ्यांनी ठोकून एकजीव केलेले असतात. पातं बदलायचं तर खिळे काढून सगळा चाकू पुन्हा जुळवावा लागतो. ३३ कामं करणाऱ्या ‘स्विसचॅम्प’मध्ये ६४ भाग आहेत. असलं काम ज्याने बनवलं त्याच्याकडेच जायला हवं.

चंडीगडला स्विस हात नवे नाहीत. या शहराची आखणी करणारा ल कार्बूझिए तरुणपणी ला-शो-द-फों या घड्याळांच्या गावी घड्याळांवर कोरीवकाम शिकला होता. त्याचा चुलतभाऊ पिएर जनरे इथे १९६५ पर्यंत राहिला, आणि त्याच्या अस्थी सुखना तलावात विसर्जित झाल्या. त्याच्या सागवानी, वेताच्या खुर्च्या इथल्या कचेऱ्यांत होत्या. वेत सैल झाला तर पुन्हा विणता येतो. पण पुष्कळ खुर्च्या मोडीत गेल्या, भंगाराच्या भावाने विकल्या गेल्या आणि परदेशातल्या लिलावांत लाखांना गेल्या. सरकारने या वारशाच्या विक्रीला आणि निर्यातीला आळा घालेपर्यंत २०११ उजाडलं. हे आठवलं की मला आजही हळहळ वाटते.

२४ डिसेंबर २०२२ ला केंद्र सरकारने ‘राइट टू रिपेअर’चं पोर्टल सुरू केलं. त्याचा भर शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं यांवर आहे. खिशातला चाकू त्यात नाही, तरी मागणी तीच आहे: वस्तू मोडीत न काढता दुरुस्त करता यावी.

तुमच्याही कपाटात असा चाकू असेल तर आधी तो कोमट पाण्यात उघडमीट करून धुवा, सांध्यांत थेंबभर तेल सोडा, निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. तरी पाठवायचाच असेल तर आधी कंपनीला फोटो पाठवून पत्ता आणि खर्च विचारा, चारही बाजूंचे फोटो जवळ ठेवा, पार्सलची पावती जपा. विमानाने स्वतः नेणार असाल तर चेक-इन बॅगेत घाला, हातातल्या बॅगेत चालत नाही. आणि आत ठळक अक्षरांत चिठ्ठी ठेवायला विसरू नका. वॉरंटीत दुरुस्त करायचं की बदलून द्यायचं हे सहसा कंपनी ठरवते, आणि बदलून आलेल्या नव्याकोऱ्या चाकूला बाबांचा हात लागलेला नसतो. माझ्या चिठ्ठीत एवढंच आहे: कात्री चालू करून द्या, मूठ बदला, मोडलेलं टोक तसंच राहू द्या, आणि दुरुस्त होत नसेल तर हाच चाकू परत पाठवा.