पिलिकुळचे निसर्गधाम आणि वैद्याचे रूपज्ञान

औषधी केवळ नावाने जाणणे पुरेसे नाही, हे चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात स्पष्ट केले आहे. रानात वावरणारे गुराखी, मेंढपाळ व वनवासी औषधींना नावाने आणि रूपाने ओळखतात. वैद्याने त्याहून पुढे जाऊन देश, काल व पुरुष यांचा विचार करून त्यांची योजना जाणली पाहिजे, असा आचार्यांचा अभिप्राय आहे. आज मात्र परिस्थिती नेमकी उलट झालेली दिसते. योग आपणांस मुखोद्गत असतात. रूपाची ओळख तेवढी उरलेली नसते. द्रव्य आपल्या हाती येते ते चूर्णाच्या, वटीच्या किंवा सीलबंद बाटलीच्या स्वरूपात. विद्यार्थिदशेत वाळलेले नमुने पाहून आपण द्रव्यगुणाची परीक्षा उत्तीर्ण होतो आणि पुढे वर्षानुवर्षे त्या वनस्पतीची प्रत्यक्ष गाठ पडत नाही.

ही उणीव थोडीतरी भरून निघावी, या हेतूने आम्ही काही वैद्य गेल्या फाल्गुनात सहकुटुंब मंगळूरनजीकच्या पिलिकुळ निसर्गधामास गेलो. तेथे जे पाहिले व जे शिकावयास मिळाले, ते वाचकांपुढे ठेवावे असे वाटल्यावरून हा लेखनप्रपंच.

तुळू भाषेत ‘पिलि’ म्हणजे वाघ आणि ‘कुळ’ म्हणजे तळे. पूर्वी वाघ ज्या तळ्यावर पाणी पिण्यास येत, ते हे स्थान, अशी नावाची उपपत्ती सांगतात. मंगळूर शहरापासून सुमारे दहा-बारा किलोमीटरवर, मूडबिद्रीकडे जाणाऱ्या मार्गावरील वामंजूर गावाजवळ, दक्षिण कन्नड जिल्हा प्रशासनाच्या पुढाकाराने हे निसर्गधाम उभे राहिले. प्राणिसंग्रहालय, पश्चिम घाटातील वृक्षांचे उद्यान, औषधी वनस्पतींची बाग, तलाव, कारागिरांचे ग्राम, विज्ञान केंद्र आणि 2018 साली सुरू झालेले तारांगण असा त्याचा विस्तार आहे. ज्ञानपीठ पुरस्काराचे मानकरी कन्नड साहित्यिक डॉ. शिवराम कारंत यांचे नाव या निसर्गधामास दिलेले आहे. कारंतांनी कादंबऱ्यांबरोबरच मुलांसाठी ‘बालप्रपंच’ हा ज्ञानकोश सिद्ध केला होता, हे ध्यानात घेता हे नामकरण यथार्थ वाटते.

वृक्षोद्यानात प्रथम लक्ष वेधून घेतले ते सीता-अशोकाने. नारिंगी व तांबड्या फुलांचे दाट गुच्छ जुन्या खोडावरही फुललेले होते आणि कोवळी पालवी मलूल झाल्याप्रमाणे खाली लोंबत होती. आमच्याबरोबरच्या एका दहा वर्षांच्या मुलाने लगेच विचारले, “काका, आमच्या शाळेच्या कुंपणाला अशोक आहे, तो असा का दिसत नाही?” प्रश्न बालकाचा असला, तरी त्यात औषधनिर्मितीतील एक मोठी अडचण सामावलेली आहे. शाळांच्या व बंगल्यांच्या कुंपणालगत उंच सरळ वाढणारा, नागमोडी कडांच्या लांबट साध्या पानांचा वृक्ष हा खोटा अशोक होय. तो सीताफळाच्या कुळातील आहे. खरा अशोक शिंबी कुळातील असून त्याचे पान संयुक्त, म्हणजे अनेक पर्णिकांच्या जोड्यांचे असते. असृग्दरासारख्या व्याधींत आपण अशोकारिष्ट विश्वासाने देतो. परंतु खऱ्या अशोकाच्या सालीत खोट्या अशोकाच्या सालीची भेसळ होते, हे सर्वश्रुत आहे. गुण न आल्यास रुग्ण शास्त्राला दोष देतो. द्रव्याची चौकशी कोणी करीत नाही. त्यातच नैसर्गिक अधिवासातील खरा अशोक घटत चालला असून आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने त्याची गणना संकटाच्या छायेतील जातींत केली आहे. साल काढण्यासाठी झाड तोडावयाचे आणि नवे लावावयाचे नाही, असे चालू राहिल्यास दुसरे काय होणार?

नागकेशराची गोष्टही तशीच. चार शुभ्र पाकळ्यांच्या मध्यभागी पिवळ्या केसरांचा झुबका असलेले फूल एकदा पाहिले, की ‘केसर’ हाच प्रयोज्य अंग का, हे निराळे सांगावे लागत नाही. आपल्याकडील बाजारात मात्र ‘तांबडे नागकेशर’ म्हणून मिळतात त्या बहुधा सुरंगीच्या वाळलेल्या कळ्या असतात. सुरंगीचे वळेसर कोकणात व गोमंतकात स्त्रिया आवडीने माळतात. तिचा सुगंध अवर्णनीय आहे, यात शंका नाही. तरीही ती नागकेशर नव्हे.

वृक्षांकडून आम्ही सर्पविभागाकडे वळलो. अगदतंत्राच्या अभ्यासकास येथे बराच वेळ थांबावेसे वाटेल. सुश्रुताचार्यांनी कल्पस्थानात ऐंशी सर्पांचे दर्वीकर, मण्डली, राजिमान, निर्विष व वैकरंज असे पाच वर्ग केले आहेत. हे वर्ग आपण पाठ केलेले असतात. परंतु फणा उभारलेला नाग, अंगावर साखळीसारखी मंडले असलेली घोणस आणि काळ्या देहावर पांढऱ्या रेषा असलेला मण्यार यांची रूपे एकमेकांशेजारी ठेवून पाहिली, म्हणजे ही नावे किती सूक्ष्म निरीक्षणातून आली असावीत, हे उमगते.

पिलिकुळची विशेष ख्याती आहे ती नागराजाच्या प्रजननासाठी. जगातील सर्वांत लांब असा हा विषारी सर्प. याचे मुख्य भक्ष्य इतर सर्प. मादी पालापाचोळा गोळा करून घरटे रचते व अंडी राखते. पश्चिम घाटातील नागराज ही एक स्वतंत्र जाती असल्याचे 2024 साली संशोधकांनी मांडले आणि कन्नडमधील ‘काळिंग’ या नावावरून तिचे शास्त्रीय नामकरण केले. लोकांनी दिलेले नाव शास्त्राने स्वीकारावे, ही घटना चरकाचार्यांच्या उपरोक्त वचनाची आठवण करून देणारी आहे.

सर्पांविषयी एक गोष्ट स्पष्टपणे लिहिणे आम्हांस कर्तव्य वाटते. 2000 ते 2019 या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे 12 लक्ष मृत्यू झाले असावेत, असा अभ्यासकांचा अंदाज 2020 साली प्रसिद्ध झाला. त्यांतील बहुसंख्य ग्रामीण भागातील होते. ग्रामीण भागात प्रथम दार ठोठावले जाते ते अनेकदा वैद्याचेच. मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसास दंश करतो. वेदना व सूज फारशी नसते. पहाटे रुग्ण पोट दुखते म्हणून येतो. अशा वेळी उदरशूलाची औषधी देण्यापूर्वी त्याच्या पापण्या जड झाल्या आहेत काय, गिळण्यास त्रास होतो काय, हे पाहावे. दंशाचा संशय येताच रुग्णास धीर द्यावा, दंश झालेला अवयव हलू देऊ नये आणि विनाविलंब प्रतिविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात पाठवावे. घट्ट बंध बांधणे, छेद घेणे वा रक्त चोखणे हे प्राचीन ग्रंथांत वर्णिलेले असले, तरी आज ते करू नये. सुश्रुताचार्यांपाशी प्रतिविषाची कुपी नव्हती. आपल्यापाशी ती आहे. देशात तयार होणारे बहुसर्पीय प्रतिविष नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांच्या विषावर असते. सर्पदंशाचे मृत्यू 2030 पर्यंत निम्म्यावर आणण्याची राष्ट्रीय योजना केंद्र शासनाने 2024 च्या मार्चमध्ये जाहीर केली. या कार्यात वैद्यवर्गाचा वाटा मोठा असू शकतो.

विज्ञान केंद्र व तारांगण यांत मुले इतकी रमली, की त्यांना बाहेर काढणे कठीण झाले. कारागीर-ग्रामात कुंभाराचे चाक व हातमाग पाहण्यातही त्यांचा वेळ आनंदात गेला. पाठ्यपुस्तकातील विषय निरनिराळे असतात. निसर्गात ते एकाच आवारात नांदतात, हे त्यांना न सांगता कळले.

आता प्रश्न उरतो तो आपल्या कर्तव्याचा. प्रत्येकास मंगळूरपर्यंत जाणे जमेलच असे नाही. परंतु आपल्या जिल्ह्यातील एखादे वनस्पती-उद्यान, महाविद्यालयाची औषधी बाग किंवा सर्पोद्यान यांस शाखेने वर्षातून एकदा, शक्यतो फुलोऱ्याच्या ऋतूत, भेट द्यावी. बरोबर परिसरातील एखादा जाणता गुराखी अथवा वनवासी मार्गदर्शक म्हणून न्यावा आणि त्यास योग्य मानधन द्यावे. प्रत्येक सभासदाने पानांवरून खात्री करून एक सीता-अशोक लावावा. औषधालयाकडून साल घेताना ती कोठून आली, याची विचारणा करावी. एका वैद्याने विचारल्यास उत्तर मिळणार नाही कदाचित. शंभर वैद्य विचारू लागले, तर ते द्यावेच लागेल.