पट्टी काळी दोन, तिकीट नाही

पियानो चाळीच्या जिन्यातून वर जात नाही. मैफलीचा मोठा ग्रँड पियानो नऊ फूट लांब आणि पावणेपाचशे किलोच्या आसपास. घरात भिंतीला टेकवून ठेवायचा उभा पियानो घेतला, तरी चारजणांनी नेटाने धरल्याशिवाय हलत नाही. हार्मोनियम, म्हणजे आपली पेटी, कापडी खोळीत घालून खांद्याला अडकवली की दादरला भर गर्दीत लोकलमधून उतरवता येते. उतरताना लोक कुरकुरतात, पण पेटी बाहेर येते. दादर-गिरगावातल्या बिनतिकिटाच्या मैफलींबद्दल मला जे सांगायचं आहे, ते बरंचसं या वजनाच्या फरकातून निघतं.

युरोप-अमेरिकेत पियानोच्या मोफत कार्यक्रमांचे हंगाम असतात. लंडनच्या सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्स या चर्चमध्ये भर दुपारी, जेवणाच्या सुट्टीत लोक येऊन ऐकतात. शिकागोत १९७७ पासून दर बुधवारी मोफत मैफल होते आणि ती डेम मायरा हेस या इंग्रज पियानोवादक बाईंच्या नावाने चालते. या बाईंची हकिगत ऐकण्यासारखी आहे. १९३९ साली महायुद्ध सुरू झालं, लंडनची नाट्यगृहं-सभागृहं बंद झाली, नॅशनल गॅलरीतली चित्रं सुरक्षित जागी हलवली गेली. त्या उघड्या पडलेल्या भिंतींमध्ये बाईंनी ऑक्टोबरपासून दुपारच्या मैफली सुरू केल्या. सोमवार ते शुक्रवार, प्रवेश एक शिलिंग. १९४६ पर्यंत त्या चालल्या. शिलिंग म्हणजे अगदीच फुकट नाही, पण त्या दिवसांत फुकटच म्हणायचं.

आपल्याकडे हा हंगाम भाद्रपदात सुरू होतो. गणपती, नवरात्र, कोजागरी आणि शेवटी दिवाळी पहाट. त्यात गाण्याच्या जोडीला जे पट्ट्यांचं वाद्य असतं, ते पेटी. त्यामुळे पियानोच्या हंगामाला आपल्या गावात उत्तर शोधायचं तर ते पेटीजवळच सापडतं.

पार्श्वभूमी थोडक्यात उरकते. १८४०च्या दशकात पॅरिसच्या अलेक्झांद्र दबेनने हार्मोनियमचं पेटंट घेतलं. ती पायाने भाता मारायची होती. मिशनऱ्यांबरोबर ती इकडे आली आणि कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांनी तिला हाताच्या भात्याची, जमिनीवर बसून वाजवायची केली. मराठी नाटकवाल्यांनी दोन्ही ठेवल्या, पायपेटीला ऑर्गन म्हटलं. बाकी तपशील कुठल्याही कोशात मिळेल.

कोशात मिळणार नाही ती मांडवाची गोष्ट. १८९३ साली गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीत सार्वजनिक गणपती बसला; १९०१ मध्ये खुद्द टिळक तिथे येऊन गेले. मेळे आले, कीर्तनं आली, व्याख्यानं आली आणि त्यांच्या पाठोपाठ रागदारी आली. पुढच्या काळात भीमसेन जोशी, वसंतराव देशपांडे यांच्या तोलाचे गवई मुंबईच्या रस्त्यांवरच्या मांडवांत गायले. ऐकणारे सतरंजीवर, ओट्यांवर, गॅलऱ्यांत. एका घरातली बाई भाकऱ्या थापता थापता मालकंस ऐकते, ही चैन जगातल्या किती शहरांत असेल, मला शंका आहे.

पण फुकट म्हणजे सगळ्यांना खुलं असं नव्हतं, आणि हे दादरकरांनी तरी विसरू नये. १९२६ साली दादरच्या सार्वजनिक गणपतीत अस्पृश्यांनाही पूजेचा हक्क मिळावा म्हणून प्रबोधनकार ठाकरे, रावबहादूर बोले आणि डॉ. आंबेडकर यांनी आग्रह धरला. मोठा वाद झाला. दादरचा सार्वजनिक नवरात्रोत्सव त्या भांडणातून उभा राहिला. आज नवरात्रात कुठल्या मांडवात सतरंजीवर बसले, की आपण कोणाच्या भांडणामुळे इथे बसलो आहोत, ते मला आठवतं.

आता माझा लाडका विषय. मार्च १९४० मध्ये तेव्हाच्या ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली. वर्ष लक्षात घ्या: तिकडे लंडनमध्ये मायरा हेसबाई लोकांना दुपारी पियानो ऐकवत होत्या आणि इकडे दिल्लीहून पेटीला दार बंद. रेडिओचा प्रमुख लायनेल फील्डन, पाश्चात्त्य संगीत विभागातला संगीतकार जॉन फाउल्ड्स, खुद्द रवींद्रनाथ टागोर, सगळ्यांचं पेटीबद्दलचं मत वाईट. आक्षेप दोन: पेटीवर मींड निघत नाही आणि तिचे सूर मुळात आपले नाहीत. दोन्ही खरे आहेत. तरी गंमत पाहा, त्याच रेडिओच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचा स्वतंत्र विभाग होता, तो वॉल्टर कॉफमन हा १९३४ साली मुंबईत आलेला संगीतकार सांभाळत होता आणि आकाशवाणीची आपल्या सगळ्यांच्या कानात बसलेली सुरुवातीची धूनही त्याच्याच नावावर आहे. म्हणजे दिवाणखान्यातल्या वाद्याला माइक मिळाला आणि चाळीतल्या वाद्याला नाही. स्वातंत्र्यानंतरही फरक पडला नाही. १९५२ ते १९६२ नभोवाणी मंत्री होते बाळकृष्ण केसकर, आपलेच मराठी गृहस्थ. त्यांनी पेटीला आत येऊ दिलं नाही, वर सिनेसंगीतालाही बाहेर काढून रेडिओ सिलोनची भरभराट करून दिली. पु. ल. देशपांडे १९५५ साली आकाशवाणीत नोकरीला लागले, ते या काळात. उत्तम पेटी वाजवणारा माणूस, नोकरी अशा घरात जिथे पेटीला मज्जाव! साथीपुरती बंदी उठायला १९७१ साल उजाडलं.

या एकतीस वर्षांत पेटी जिवंत राहिली ती नाटकाच्या पिटात, कीर्तनात, भजनी मंडळांत, ध्वनिमुद्रिकांवर आणि आमच्या बिनतिकिटाच्या मांडवांत. माझं तर स्पष्ट म्हणणं आहे की मुंबईच्या गल्ल्या नसत्या तर पेटीवादनाची एक अख्खी पिढी ऐकणाऱ्यांशिवाय गेली असती. पी. मधुकर, म्हणजे मधुकर पेडणेकर, यांचंच घ्या. १९१६चा जन्म, एकल वादनात विजेसारखा हात, नाट्यपदांच्या त्यांच्या तबकड्या आजही शौकीन जपून ठेवतात. त्यांच्या उमेदीची वर्षं आणि बंदीची वर्षं जवळजवळ एकच. बंदी उठली तेव्हा मधुकर नव्हते; १९६७ सालीच ते गेले. त्यांची विद्या गोव्याच्या बोरीतून आलेल्या तुळशीदास बोरकरांनी पुढे नेली. बोरकरांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्याआधी गोविंदराव टेंबे होते: १९११चं ‘मानापमान’ त्यांच्या चालींनी गाजलं आणि १९३२च्या ‘अयोध्येचा राजा’त नायकही तेच, संगीतकारही तेच. पण मला टेंबे आवडतात ते पेटीवाले म्हणून.

पेटीवाला नेमकं करतो काय? कार्यक्रमाआधी त्याचा पहिला प्रश्न, ‘पट्टी कुठली?’ काळी दोन, पांढरी चार, जी असेल ती. मग गवयाचा पुढचा स्वर कुठे पडणार याचा अंदाज घेत त्याच्या पाव पाऊल मागे राहायचं. पुढे गेलात तर आगाऊपणा, फार मागे राहिलात तर ओझं. गवई श्वास घेतो ती जागा भरायची, पण अशी की त्याला परत येताना अडखळायला होऊ नये. हे सगळं उजव्या हाताने. डावा हात भात्यावर, आणि खरी कला तिथे आहे. भाता एकसारखा हलला तर सूर सपाट लागतो. गवयाच्या आवाजाबरोबर हवा कमी-जास्त करता आली तर पेटी गाते. खर्ज, नर आणि मादी, या सुरांच्या तीन ओळींपैकी केव्हा कुठली उघडायची, हा पुन्हा वेगळा अभ्यास.

दादर पश्चिमेला हरिभाऊ विश्वनाथ ही वाद्यांची पेढी आहे, १९२५ पासूनची, म्हणजे शंभरी गाठलेली. दादरला वाढलेल्या माणसाला तिचा पत्ता सांगावा लागत नाही. अशा दुकानांत जायला मला निमित्त लागत नाही. सूर लावणारा कारागीर पितळेची बारीकशी जीभ पुढ्यात घेतो. टोकाशी खरवडली की सूर चढतो, मुळाशी खरवडली की उतरतो. एक घासणी, कान लावायचा, पुन्हा एक घासणी. जास्त गेली तर परत आणणं जिकिरीचं. पियानोचं याच्या उलट: दोनशेहून अधिक तारा, त्यांचा मिळून अठरा-वीस टनांचा ताण, मुंबईची दमट हवा लाकूड फुगवते आणि वर्षातून दोनदा ट्यूनर बोलवावा लागतो. पारशी कॉलनीत फाइव्ह गार्डन्सच्या बाजूला संध्याकाळी फिरताना एखाद्या खिडकीतून सरावाचे सूर येतात, त्यात पावसाळा ऐकू येतो. पेटी पावसाळ्यात पट्ट्या अडकवून बसेल, भात्याला वास येईल, पण सूर फारसा सोडणार नाही. उघड्या मांडवात हे फार उपयोगाचं.

टागोर-फील्डन मंडळींचा दुसरा आक्षेप मात्र सोडवल्याशिवाय राहवत नाही. सप्तकाचे बाराशे भाग केले तर तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येणारा शुद्ध गंधार ३८६ वर असतो. समान भागांत लावलेल्या पेटीचा, तसाच पियानोचा, ४०० वर. चौदा भाग चढा. कानाला सवय झाली की कळत नाही, एकदा कळलं की कायम टोचतं. म्हणून आपल्याकडचे जाणकार गंधार जुळवून पेटी लावून घेतात. मग ती एका पट्टीत सुरेख बोलते आणि दुसऱ्या पट्टीत रुसते. डॉ. विद्याधर ओक यांनी तर बावीस श्रुतींची पेटी सिद्ध केली. माझा जीव अजून जुन्या पेटीतच आहे, त्यामागे शास्त्र नाही, सवय आहे.

आणि इथेच आपल्या हंगामात एक बदल झाला आहे, ज्याची चर्चा मी फारशी ऐकली नाही. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद केले. सणांसाठी मध्यरात्रीपर्यंतची सवलत वर्षात जास्तीत जास्त पंधरा दिवस. नियम योग्यच आहे, गल्लीत आजारी माणसंही राहतात. पण त्याआधी रात्री जेवणं आटोपून सुरू होणारी, उत्तररात्रीपर्यंत लांबणारी बैठक त्यात गेली. गाणं पहाटेकडे सरकलं. प्रभादेवीच्या पु. ल. देशपांडे अकादमीच्या आवारात पंचम निषादचे ‘प्रातःस्वर’ कार्यक्रम साडेसहाला सुरू होत, तिकीट नसे. दिवाळी पहाट तर आता गल्लोगल्ली. माटुंगा रोडजवळच्या दादर-माटुंगा कल्चरल सेंटरमध्ये संध्याकाळी ऐकायला मिळतं, पण हंगामाचा भर सकाळीच.

परिणाम असा की मालकंस, बागेश्री मागे पडले आणि ललत, तोडी, अहिरभैरव पुढे आले. आता तोडीचा गंधार म्हणजे अतिकोमल, पेटीच्या पट्टीपेक्षा खाली बसलेला. पेटीवर तो नाहीच. रात्री दरबारीचा झुलता गंधार असाच छळायचा, पण एक दरबारी सोडला तर रात्र पेटीला सोयीची होती. सकाळ तशी नाही. म्हणून तोडी सुरू झाली की मी गवयाकडे पाहतच नाही, पेटीवाल्याचं बोट पाहते. कच्चा असेल तर तो गंधारावर ठाण मांडतो आणि दोन गंधार एकमेकांना घासत राहतात. जाणता असेल तर त्या पट्टीला नुसता स्पर्श करून रिषभावर येतो, भाता सैल सोडतो, आणि गंधार गवयाकडेच राहू देतो.

यंदा पहाटे कुठे जाणार असाल तर आपल्या उजव्या हाताला, म्हणजे गवयाच्या डावीकडे, जागा धरा. पेटी बहुधा तिथेच असते. सहाच्या आधी पोहोचा, पुढच्या चार रांगा प्रायोजकांच्या पाहुण्यांसाठी राखलेल्या असतील, त्यामागे सतरंजी किंवा प्लॅस्टिकच्या खुर्च्या. नेपथ्याच्या झेंडूच्या माळांमुळे बोटं दिसत नसतील तर सरळ उठून जागा बदला, कोणी काही म्हणत नाही. निमंत्रणपत्रिकेवर पेटीवाल्याचं नाव सगळ्यात खाली, निवेदकाच्याही खाली छापलेलं असेल. ते वाचून ठेवा, कारण निवेदक ते घाईघाईत घेईल.