फ्लॉवरहॉर्न पाळताय? एवढं वाचाच!

उजनीची चिलापी भिगवण-इंदापूरच्या बाजारात आपण नेहमी बघतो. कपाळावर टेंगूळ मिरवणारा फ्लॉवरहॉर्न तिच्याच सिक्लिड कुळातला! १९९० च्या दशकात मलेशियात संकरातून तो तयार झाला. काचेवरून बोट फिरवलं की मागोमाग येतो, इतका माणसाळतो.

🐟 टाकी: मासा फूटभर वाढतो. एकाला किमान ४ फुटी, २५०-३०० लिटरची टाकी द्या. एकटाच ठेवा, सोबतच्या माशांना तो मारतो.

💧 पाणी: आपल्याकडचं बोअरचं जड पाणी त्याला सहसा मानवतं, पीएच ७.५ ते ८ चालतो. फार खारट पाणी मात्र टाळा. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आधी घालवा. दर आठवड्याला २५-३० टक्के पाणी बदला. तापमान २७-३० अंश ठेवा, थंडीत हीटर हवाच.

🍤 खाणं: दिवसातून दोनदा, थोडंथोडं. उरलेलं लगेच काढा, कुजलं की अमोनिया वाढतो.

⚠️ डोक्यावर बारीक खड्डे किंवा पांढरी, दोऱ्यासारखी विष्ठा दिसली तर आधी पाणी तपासा.

आणि हात जोडून विनंती: नकोसा झाला म्हणून कऱ्हा, नीरा किंवा उजनीत सोडू नका. चिलापीही बाहेरूनच आली होती, आज उजनीभर तीच आहे!