नट जमिनीवर आवळायचा

कोल्हापूरच्या उद्यमनगरात गाडीचं पुढचं काम करणारे मेस्त्री बरेच आहेत. त्यांतल्या एकाकडे मी मुद्दाम गेलो. हा माणूस अर्धा-अर्धा तास गाडीला नुसता हात लावतो आणि पाना नंतर उचलतो, असं त्यांच्याबद्दल ऐकलं होतं. ते मला पाहायचं होतं.

राधानगरीकडचे एक निवृत्त गुरुजी त्यांची मारुती ८०० घेऊन आले होते, २००५ सालची. खड्ड्यात गेली की पुढून डावीकडे टक्‌ आवाज यायचा, आणि ब्रेक दाबला की स्टिअरिंग किंचित बाजूला सरकायचं. दुसऱ्या एका गॅरेजात ‘पुढचं सगळंच गेलंय’ असं सांगून त्यांना १४,००० रुपयांचा आकडा दिला होता. त्यात दोन्ही शॉकअप, दोन्ही आर्म, टाय रॉड एंड आणि स्टिअरिंगची रॅक धरली होती. गुरुजी तो आकडा पुन्हा पुन्हा सांगत होते. गाडी विकून टाकावी का, असंही त्यांनी एकदा विचारलं.

मेस्त्रींनी उत्तर दिलं नाही. किल्ली घेतली, काच खाली केली आणि गाडी कंपाउंडच्या भिंतीला लागून सावकाश नेली. भिंतीवर आपटून आवाज परत येतो, मोकळ्या रस्त्यावर विरून जातो. परत आल्यावर त्यांनी जॅक लावला, जॅकवर भरवसा न ठेवता खाली घोडी सरकवली, आणि खरी तपासणी सुरू झाली.

चाक घड्याळातल्या १२ आणि ६ वर धरून हलवलं. खेळ होता. हाताखालच्या पोराला त्यांनी ब्रेक दाबून धरायला लावला आणि चाक पुन्हा हलवलं. खेळ तसाच राहिला. ब्रेक दाबला की हब जखडतो. बेअरिंग ढिलं असतं तर खेळ बंद झाला असता. मग ९ आणि ३ वर धरून चाक डावी-उजवीकडे हलवलं. काहीच नाही. म्हणजे टाय रॉड एंड ठीक, रॅकही ठीक. १४,००० मधला मोठा वाटा इथंच गळून पडला, आणि अजून एकही नट सुटला नव्हता.

“पावणं, हिकडं या. इथं बोट ठेवा.”

मी आर्मच्या टोकाशी, बॉल जॉइंटवर बोट टेकवलं. त्यांनी टॉमी घालून आर्म दाबला. आधी बोटाला टिचकी लागली, मग आवाज ऐकू आला. लेख लिहायला बसल्यापासून ती टिचकी मला सारखी आठवते आहे. जॉइंटवरचं रबर फाटलेलं होतं. आतलं ग्रीस धुळीनं काळं आणि कोरडं पडलं होतं. खांद्याच्या खोबणीत हाड फिरावं तसा हा लोखंडी गोळा आपल्या वाटीत फिरतो. रबर फाटलं की पाणी आणि माती आत जाते, आणि पुढच्या प्रत्येक खड्ड्यागणिक वाटी मोठी होत जाते. पावसाळ्यात घाटातून रोज ये-जा करणाऱ्या गाडीला वेगळं काही व्हायचं कारणच नाही.

या गाडीचं पुढचं सस्पेन्शन मॅकफर्सन पद्धतीचं आहे. स्प्रिंग आणि शॉकअप एकाच उभ्या खांबात असतात, आणि गाडीचा भार त्या खांबावरून चाकावर उतरतो. बॉल जॉइंट भार पेलत नाही, तो चाकाला खालून जागेवर धरून ठेवतो. म्हणून चाक अधांतरी असतानाच त्याचा खेळ हाताला कळतो. पण तो पुरता निखळला तर चालत्या गाडीचं चाक बाहेर फाकतं. गुरुजींना हे सांगताना मेस्त्रींचा आवाज प्रथमच कडक झाला.

ब्रेकचं दुखणं मात्र निराळं होतं. मारुती ८०० मध्ये पुढचा स्टॅबिलायझर बार दोन कामं करतो. वळणावर गाडी कलू देत नाही, आणि आर्मला पुढं-मागं जाण्यापासून रोखतो. बारच्या टोकाचे बुश चेपले की ब्रेक दाबताच चाक थोडं मागं सरकतं आणि स्टिअरिंग ओढलं जातं. डावा बुश एका अंगानं अर्धा झिजला होता. उजवा बरा होता, तरी जोडीनंच बदलायचा असं ठरलं. शॉकअप कोरडे होते, कुठं तेल पाझरलेलं नव्हतं. मेस्त्रींनी मडगार्डवर भार देऊन गाडी दाबली आणि सोडली. ती वर आली आणि तिथंच थांबली.

“ह्याला हात लावायचा न्हाई.”

काढणं-घालणं पाऊण तासात उरकलं. गंजलेला क्लॅम्प बोल्ट तेवढा हटून बसला होता, तो तेल सोडून, हातोडीनं ठोकून निघाला. आर्म जॉइंटसकट नवा आणला होता, बुशही नवे बसले. चाक चढवून गाडी खाली घेतली आणि मला वाटलं, झालं.

मेस्त्रींनी गाडी पुढं ढकलून दोन्ही चाकं लाकडी फळ्यांवर चढवली. पुढून चार-पाच वेळा दाबून तिला नीट बसू दिलं आणि मग पाठीवर झोपून ते खाली शिरले. आर्मचा आतल्या बाजूचा बोल्ट त्यांनी आतापर्यंत नुसता हातानं लावून ठेवला होता. तो आता आवळला. कारण साधं आहे. त्या बुशमधलं रबर आतल्या नळीला चिकटलेलं असतं. चाक लोंबकळत असताना बोल्ट आवळला तर ती नळी तिथंच जखडते. मग गाडी जमिनीवर आली की रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. नवा पार्ट असा गेला की दोष पार्टवर येतो, डुप्लिकेट होता म्हणतात. “नट जमिनीवर आवळायचा,” मेस्त्री खालून पोराला सांगत होते, “लोंबकळत्या चाकावर न्हाई.” घाईच्या गॅरेजांतून हे दहा मिनिटांचं काम सर्रास वगळलं जातं, याचा मला मनापासून राग आहे.

मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये आली आणि जानेवारी २०१४ मध्ये बनायची थांबली. देशात पंचवीस लाखांहून जास्त विकल्या गेल्या. सुटे भाग अजून सहज मिळतात. आणि भाग सहज मिळतात म्हणूनच आवाज कुठून येतो ते शोधण्यापेक्षा सगळंच बदलणं सोपं झालं आहे. बदललेल्या भागावर पैसे सुटतात, शाबूत भाग ओळखण्यावर सुटत नाहीत.

अलाइनमेंटला पाठवण्याआधी मेस्त्रींनी बिल लिहिलं: एक आर्म, बारच्या बुशची जोडी, मजुरी. १४,००० च्या पाव भागाइतकंही ते भरलं नाही. तपासणीचा रकाना त्यात नव्हता. काहीच खराब निघालं नसतं तर काय घेतलं असतं, असं मी विचारलं.

“काय घ्यायचं? काय बदललंच न्हाई तर.”

मला हे पटलं नाही आणि मी तसं बोललोही. गुरुजींचे दहा हजारांहून जास्त रुपये वाचले ते त्या पहिल्या अर्ध्या तासात, आणि त्याच अर्ध्या तासाची मजुरी मेस्त्रींना मिळत नाही. गुरुजींनी शंभराची एक नोट जास्तीची पुढं केली. मेस्त्रींनी ती पोराच्या हातात दिली आणि अलाइनमेंटवाल्याला फोन लावला: पुढचा टो बघ, आर्म बदललाय.