विंडोज १०ची पहिली झलक: गैरसमज आणि वस्तुस्थिती

मायक्रोसॉफ्टने ३० सप्टेंबर २०१४ रोजी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये विंडोज १०ची घोषणा केली. दुसऱ्याच दिवशी तिची चाचणी आवृत्ती, म्हणजे ‘टेक्निकल प्रीव्ह्यू’, कुणालाही फुकट डाउनलोड करता येऊ लागली. विंडोज ८मधून गायब झालेला स्टार्ट मेनू तिच्यात परत आला होता. एकाच पडद्यावर अनेक डेस्कटॉप उघडता येत होते आणि स्टोअरमधली अ‍ॅप्स साध्या खिडकीत चालत होती. लोक हरखले आणि लगेच निकालही देऊन मोकळे झाले. त्या वेळी पसरलेले समज प्रत्येक नव्या चाचणी आवृत्तीच्या वेळी पुन्हा डोकं वर काढतात. म्हणून ते एकदा नीट तपासून पाहू.

गैरसमज १: झलक म्हणजे जवळजवळ तयार झालेली विंडोजच.

वस्तुस्थिती: पहिल्या बिल्डचा, म्हणजे चाचणीसाठी दिलेल्या पहिल्या मसुद्याचा, क्रमांक ९८४१ होता. त्यात कोर्टाना ही आवाजी मदतनीस नव्हती आणि नवा ब्राउझर एजही नव्हता. कोर्टाना जानेवारी २०१५च्या ९९२६ या बिल्डमध्ये आली. अंतिम विंडोज १० बाजारात आली ती २९ जुलै २०१५ला. मधल्या दहा महिन्यांत स्टार्ट मेनूचं रूपही बदललं. ऑक्टोबरमध्ये ज्यांनी ‘विंडोज १० अशी आहे’ असं लिहिलं, त्यांनी अर्धवट बांधलेलं घर पाहून वास्तूचा अभिप्राय दिला होता.

गैरसमज २: नाव ८वरून थेट १०वर गेलं, म्हणजे सगळं नव्यानं लिहिलं.

वस्तुस्थिती: त्या बिल्डमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘व्हर’ ही आज्ञा दिली, की आवृत्ती दिसायची ६.४.९८४१. विंडोज ७चा अंतर्गत क्रमांक ६.१, विंडोज ८चा ६.२ आणि ८.१चा ६.३. म्हणजे ही त्याच वंशावळीतली पुढची पिढी होती. पुढे हा क्रमांक १०.० करण्यात आला, तोही सोयीसाठी ठरवलेला आकडाच. आत किती बदललं, हे नावावरून कळत नाही. त्याच कमांड प्रॉम्प्टमध्ये कंट्रोल आणि व्ही दाबून मजकूर पेस्ट करता येऊ लागला होता. दिसायला बारीक गोष्ट, पण दिवसभर तिथे काम करणाऱ्याला नावापेक्षा तिचंच अप्रूप जास्त.

गैरसमज ३: आवडली नाही तर काढून टाकू, जुनी विंडोज आपोआप परत येईल.

वस्तुस्थिती: इथे खरं नुकसान होऊ शकत होतं. प्रीव्ह्यू टाकल्यावर संगणकातल्या रिकव्हरी पार्टिशनवरून जुन्या विंडोजकडे परतता येणार नाही, असा स्पष्ट इशारा मायक्रोसॉफ्टनेच दिला होता. त्यासाठी जुन्या विंडोजची डीव्हीडी किंवा पेन ड्राइव्ह हाताशी असणं भाग होतं. शिवाय तो पहिला बिल्ड १५ एप्रिल २०१५ला कालबाह्य होणार होता. घरात एकच संगणक असेल आणि त्यावरच हिशेब, फोटो, मुलांचे प्रकल्प असतील, तर त्यावर चाचणी आवृत्ती टाकूच नये. जुना, रिकामा संगणक किंवा व्हर्च्युअल मशीन हीच तिची जागा.

गैरसमज ४: प्रीव्ह्यू चोरून पासवर्ड पाठवते.

वस्तुस्थिती: चोरून काही नव्हतं, पण निर्धास्त राहण्यासारखंही नव्हतं. तुम्ही उघडलेल्या फाइलींची माहिती आणि टाइप केलेली अक्षरं गोळा केली जाऊ शकतात, असं गोपनीयता धोरणातच लिहिलं होतं. अक्षरं कशासाठी, तर शब्द सुचवणं आणि शुद्धलेखन तपासणं सुधारण्यासाठी. चाचणीचा हेतूच माहिती गोळा करणं हा असतो. तेव्हा अशा संगणकावर बँकेचे व्यवहार आणि खासगी पत्रव्यवहार करू नयेत.

गैरसमज ५: सामान्य माणसाच्या तक्रारीला कोण विचारतो?

वस्तुस्थिती: प्रीव्ह्यूमध्येच अभिप्राय नोंदवण्याचं अ‍ॅप दिलेलं होतं. टास्कबारवर नव्यानं आलेली सर्च आणि टास्क व्ह्यूची बटणं अनेकांना अडचणीची वाटत होती. नोव्हेंबर २०१४च्या ९८७९ या बिल्डमध्ये ती लपवण्याची सोय आली. नेमकी तक्रार करणाऱ्यांना असं फळ मिळतं. ‘बकवास आहे’ एवढंच म्हणण्यानं काही साधत नाही. काय करत होतो, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, हे तिन्ही सांगावं. मराठीत काम करणाऱ्यांनी तर जोडाक्षरं, इनस्क्रिप्ट कळफलक आणि छपाई आवर्जून तपासावी. आपल्या अडचणी आपणच कळवल्या नाहीत, तर दुसरं कोण कळवणार?

पहिली छाप नोंदवायलाच हवी, कारण सवय झाली की खटकणाऱ्या गोष्टी खटकेनाशा होतात. मात्र प्रत्येक मताशेजारी बिल्ड क्रमांक आणि तारीख लिहावी. तेवढ्यानं ते मत निर्मात्यांच्या कामी येतं आणि पुढचा बिल्ड हाती आल्यावर आपल्यालाही ते प्रामाणिकपणे बदलता येतं.