भीमा-सीनेच्या संगमावरचे हत्तरसंग कुडल

लग्नसराईत सोलापूरच्या नवी पेठेत दुपारी थोडा वेळ उभे राहिले, की दक्षिण सोलापूरची गावे बोलण्यावरून ओळखू येतात. बस्ता बांधायला आलेली मंडळी साडीचा रंग आपसात कन्नडमध्ये ठरवतात आणि भावाची घासाघीस मराठीत करतात. दुकानदार जुना असेल तर तोही मध्येच कन्नडवर येतो. यातलेच कोणी हत्तरसंगचे असते. सोलापूरपासून सुमारे चाळीस किलोमीटरवर, विजापूरच्या दिशेला, सीना जिथे भीमेला मिळते तिथले हे गाव. संगमाच्या जागेला कुडल म्हणतात. घराघरांत कन्नड ऐकू येणाऱ्या या परिसरात मराठीतल्या सर्वांत जुन्या वाक्यांपैकी एक दगडात कोरलेले आहे.

संगमेश्वर मंदिराच्या एका तुळईवर हा छोटासा लेख आहे. त्यात शके ९४० आणि कालयुक्त संवत्सर असा काळ स्पष्ट दिला आहे, म्हणजे इसवी सन १०१८. तेव्हा इथे कल्याणीच्या चालुक्यांचे राज्य होते, दुसरा जयसिंह गादीवर होता. ज्ञानेश्वरी लिहिली जायला अजून पावणेतीनशे वर्षे होती. लेखाच्या शेवटी मराठी वाक्य येते : ‘वाछि तो विजेया होईवा’. जो हे वाचील तो विजयी होईल, असा त्याचा अर्थ सामान्यतः लावला जातो. अशा लेखांत दानाची नोंद असते, दान मोडणाऱ्याला शापही असतो. इथे आशीर्वाद आहे, आणि तो वाचणाऱ्याला आहे. मला हे फार मोलाचे वाटते.

हा लेख उजेडात आणला सोलापूरच्या आनंद कुंभार यांनी. त्यांच्यामागे विद्यापीठ नव्हते. जिल्ह्यातली गावे पालथी घालत, पडक्या देवळांतले आणि पारावरचे दगड वाचत त्यांनी आयुष्य काढले. शिलालेखाचा ठसा घेणे हे चिकाटीचे काम. आधी दगडावरचा शेंदूर, चुना, शेवाळ काढून तो धुवायचा. मग ओला कागद ब्रशने ठोकून अक्षरांच्या खाचांत बसवायचा. तो वाळत आला, की शाईचा बोळा हलक्या हाताने फिरवायचा. वरचा भाग काळा होतो, कोरलेली अक्षरे पांढरी राहतात. त्यानंतर सुरू होते वाचन, आणि एकेका अक्षरावर महिने जाऊ शकतात.

कोकणातल्या अक्षी गावचा मराठी शिलालेख जुना की कुडलचा, हा वाद अभ्यासकांत चालतो. तो चालू द्यावा. पण कुडलच्या दगडाचे महत्त्व केवळ पहिल्या नंबरावर टांगू नये. चालुक्यांच्या काळातले या भागातले बहुतेक लेख कन्नडमध्ये किंवा संस्कृतात आहेत. त्यांच्या शेजारी मराठीही दगडावर येऊ लागली होती, हे या तुळईवरून कळते.

इंग्लंडमधल्या लहान लहान खेड्यांना आपले नाव १०८६ च्या ‘डूम्सडे बुक’मध्ये असल्याचा अभिमान असतो. विल्यम राजाने कुणाकडे किती जमीन, किती नांगर, किती पाणचक्क्या आहेत, हे त्यात लिहवून घेतले. १५३८ पासून तिथल्या चर्चमध्ये बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या वह्या ठेवल्या जाऊ लागल्या. त्यामुळे तिथला गावकरी आपल्या गावाचा इतिहास घरबसल्या जुळवू शकतो. कुडलचा लेख त्या बुकापेक्षा ६८ वर्षांनी जुना. आमच्याकडे मात्र गावाची नोंद एका जागी नाही. ती तुळईवर आहे, वीरगळांवर आहे, पुजाऱ्याच्या तोंडी आहे आणि कितीतरी मातीखाली आहे.

मातीखाली म्हणजे अक्षरशः. संगमेश्वराजवळचे हरिहरेश्वर मंदिर ढिगाऱ्याखाली गेले होते. सोलापूरच्या महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांनी श्रमदानाने माती उपसली आणि १९९९ मध्ये तिथे बहुमुखी शिवलिंग सापडले. त्यावर ३५९ मुखे कोरलेली आहेत, मूळ लिंग धरून ३६०. ओळीने बसवलेल्या या चेहऱ्यांकडे जवळून पाहिले, तर भाव आणि केशरचना बदलत जातात. मंदिराला दोन गाभारे आहेत, एक हरीचा, एक हराचा. वरून उघडा असलेला स्वर्गमंडपही आहे.

नावावरून अनेकांची गल्लत होते. बसवेश्वरांच्या वचनांतला कूडलसंगमदेव इथला नाही. तो कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यात, कृष्णा आणि मलप्रभेच्या संगमावर आहे.

भीमेचा पलीकडचा काठ आज कर्नाटकात आहे. १९५६ पूर्वी सोलापूर आणि विजापूर हे दोन्ही जिल्हे मुंबई राज्यात होते, तेव्हा इथली नदी राज्यांची सीमा नव्हती. सोयरिकी आजही दोन्ही काठांवर होतात, म्हणून नवी पेठेतला बस्ता कधी नदीपलीकडच्या घरी जातो. श्रावणी सोमवारी आणि महाशिवरात्रीला दोन्ही राज्यांतली माणसे संगमावर येतात. दर्शन झाल्यावर त्यांनी त्या तुळईखालीही जरा थांबावे आणि ते वाक्य मोठ्याने वाचावे.